हळद वाळेपर्यंत

पोरीला कोरियाला धाडण्यासाठी मंजुळाबाई जेवढी भांडली, तेवढी ती उभ्या आयुष्यात कुणाशी भांडली नव्हती. आणि मंजुळाबाईच्या बाबतीत हे वाक्य हलक्यात घेण्यासारखं नाही.

पोरगी म्हणजे कोमल. नांदेडला शिकून इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथल्या कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी कोरियात, चोंगजू नावाच्या शहरात, बॅटऱ्यांच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. बातमी गावी, कुरुंद्यात आली तेव्हा कोमलचा बाप संतराम हळदीला पाणी देत होता. तो म्हणाला, "बॅटऱ्यासाठी एवढ्या लांब काहून? वसमतला भेटतात की." भावकी म्हणाली, आधी लग्न उरका, मग जाऊ द्या कुठं जायचं तिथं. मंजुळाबाईनं नवऱ्याला गप्प केलं, भावकीला वाटेला लावलं आणि दसरा होताच पोरीला विमानात बसवून दिलं. त्यानंतर गावात जिथं जाईल तिथं ती कोरियाचा विषय काढायची. गिरणीवर आपल्या दळणाचा नंबर लागेपर्यंत तिनं चार बायकांना कोरियाची थंडी समजावून सांगितलेली असायची.

म्हणून मार्चातल्या एका रविवारी फोनवर कोमल जेव्हा हळूच म्हणाली, "आई, मी वापस येऊ का?" तेव्हा मंजुळाबाईनं फोन आणखी जवळ घेतला.

पहाटेच हळद शिजवायच्या बॉयलरची पाळी येऊन गेली होती. शिजलेल्या हळदीचे वाफाळते ढीग अंगणात ताडपत्रीवर पडले होते आणि ती ते पसरत होती. हात पिवळे, पदर पिवळा, फोनचा काचेचा भागही पिवळा. 'ये' हा शब्द तिच्या अगदी ओठावर आला होता. आई होती, दगड नव्हती. गावाच्या तोंडाची तिला भीती नव्हती, गावाला तोंड द्यायला ती एकटी पुरेशी होती. पण आपली पोरगी तिला माहीत होती. ही येईल, आठ दिवस झोपेल, आईच्या हातचं पोटभर खाईल आणि मग जन्मभर 'मला जमलं नाही' म्हणून स्वतःलाच बोल लावत बसेल. तिला 'ये' म्हणवेना आणि 'राहा' तर त्याहून म्हणवेना. समोर हळद होती, म्हणून ती हळदीचं बोलली.

"हळद वाळू दे बाई. सध्या मरायला फुरसत न्हाई. हळद वाळली की बसून बोलू आपुन."

"बरं," कोमल म्हणाली. हळद वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात हे हळद उत्पादकाच्या पोरीला सांगावं लागत नाही.

तसा कोमलला तिथं छळ कुणाचाच नव्हता. खोली छान होती. तिथल्या खोल्यांची भुई खालून तापवतात हे कळल्यावर मंजुळाबाईला एवढा आनंद झाला, की ऐन थंडीत तिनं पोरीकडून त्या भुईवर मुगाचे सांडगे वाळवून घेतले. "एवढी गरम भुई फुकट कशाला घालवायची?" कारखान्यातली माणसंही भली होती. घोडं अडलं होतं जेवणापाशी. घरात माळ असल्यामुळं कोमलला मांस-मटण चालत नव्हतं. आणि तिथं जेवण म्हणजे एकट्यानं ताट वाढून घेऊन कोपऱ्यात बसायचं काम नाही. मधे एक उकळतं पातेलं, भोवती पाच-पंचवीस लहान वाट्या, आणि सगळ्यांच्या जेवायच्या काड्या सगळ्या वाट्यांत. तिनं सांगितलं, मी मांस खात नाही. सोबतच्या पोरींनी मोठ्या मायेनं तिच्या वाडग्यातले मांसाचे तुकडे वेचून काढले आणि वाडगा पुन्हा तिच्यापुढं ठेवला. आता यावर रागवावं तरी कसं? मग कोमल कारणं सांगायला लागली. आज पोट बरं नाही, आज काम आहे, आज उपास आहे. थोड्याच दिवसांत तिला कुणी बोलवेनासं झालं. दुकानातला समुद्राच्या शेवाळात गुंडाळलेला तिकोनी भात, नाक्यावरची भाजलेली रताळी आणि घरून नेलेलं लोणचं, यावर पोरीनं थंडी काढली.

हे सगळं कोमलनं सरळ कधी सांगितलं नव्हतं. मंजुळाबाईनं ते फोनवरच्या तुटक बोलण्यातून जुळवलं. कोमल रविवारी फोन लावायची आणि तो बंदच करायची नाही. बोलणं संपलं तरी म्हणायची, "राहू दे चालू, तू तुझं काम कर." मग मंजुळाबाई फोन कोनाड्यात टेकवून भाकरी थापायला बसायची, आणि तिकडं पोरगी नुसती चुलीमागची भिंत बघत बसायची. भाकरीचा आवाज ऐकत. शेवटी फोन कापायचा तो आईनंच. दर वेळी कापताना तिच्या जिवाला लागायचं.

तर, त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी कोमलचा पहिला प्रश्न ठरलेला, "आई, हळद वाळली का?"

"कुठं वाळती! आबाळ येऊन राहिलं रोज."

"आई, मोबाइलवर तर वसमतला कडक ऊन दाखवतंय."

"मोबाइलला काय कळतं हळदीतलं?"

खरं म्हणजे हळद केव्हाच वाळली होती. हळकुंड मोडलं की खट्ट वाजत होतं. पॉलिश होऊन, पोत्यात भरून, पोती शिवून ओसरीवर थप्पी लागली होती. मंजुळाबाईनं ती थप्पी विकू मात्र दिली नाही. कारण हळद वसमतच्या बाजारात, मोंढ्यात गेली की संतराम पोरीला सांगणार. संतरामला खोटं बोलता यायचं नाही; बोलायला गेला तर त्याला उचकी लागायची. रविवारी फोनची वेळ झाली की ती त्याला सरळ शेतात पिटाळायची.

संतरामचं दुखणं वेगळंच होतं. "कोमलची माय, लोक इचारून राहिले, संतरामची हळद अजून घरात काहून? काय कच्ची शिजली का? अख्ख्या कुरुंद्यात माझ्या शिजवणीला कोणी बोट लावलं न्हाई आजलोक."

"मग सांगा, भाव यायची वाट बघून राहिलो."

"भाव आलाय की!"

"मग आजून येऊ द्या," मंजुळाबाई म्हणाली, आणि त्या दिवसापुरता विषय संपला.

एप्रिल उजाडला आणि एका रात्री कोमलचा निरोप आला, की उद्या दुपारनंतर कंपनीनं सुट्टी दिली आहे, सगळ्यांना फुलं बघायला नेणार आहेत.

संतरामनं निरोप दोनदा वाचून घेतला. "कामाच्या दिवशी?"

"व्हय."

"पगारी?"

"व्हय म्हणून राहिली."

"आन् फुलं तोडायची?"

"तोडायची न्हाईत. बघायची."

"बघून?"

"बघून वापस यायचं."

संतरामच्या सगळ्या आयुष्यात चैत्र महिना म्हणजे हळदीची खणणी, शिजवणी, वाळवणी, पाठीला बाम आणि मजुरांच्या मिनत्या. या दिवसांत एखादा मालक कामावरच्या माणसांना 'जा, फुलं बघून या' म्हणतो, याचा त्याला एकच अर्थ दिसला. "कंपनी बुडून राहिली," तो म्हणाला. "बॅटऱ्या खपंना झाल्या. लेकरू सांगंना आपल्याला."

मंजुळाबाईनं त्याला वेड्यात काढलं खरं, पण झोप तिलाही लागली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं कोमलला फर्मान सोडलं, "जाशील तिथून फोन कर. मला दाखव ती फुलं."

फोन आला तेव्हा मंजुळाबाई शेजारच्या चंदाबाईच्या अंगणात होती. चंदाबाईची बॉयलरची पाळी उशिरा लागली होती, त्यामुळं तिची हळद खरोखरच ओली होती आणि दोघी मिळून ती पायानं पालटत होत्या. मंजुळाबाईनं संधी साधली. कोमलनं तोंड उघडायच्या आत फोन खाली धरला. "बघ बाई, किती ओली हाय! डोळ्यानं बघ." चंदाबाईनं आपल्या हळदीकडं, मग मंजुळाबाईकडं बघितलं आणि ती पुन्हा हळद पालटायला लागली. मंजुळाबाईला ती आजची ओळखत नव्हती.

मग कोमलनं फुलं दाखवली. मोठ्या ओढ्याच्या दोन्ही काठांनी झाडंच झाडं, पान एक नाही, सगळी फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेली. झाडाखाली चटया, चटयांवर माणसं. एका पोऱ्यानं मोटारसायकलवरून तळलेल्या कोंबडीचे खोके आणून दिले आणि कोमलच्या कारखान्यातली मंडळी त्यावर तुटून पडली. कंपनी बुडत असल्याची एकही खूण दिसत नव्हती.

"अन् तू कुठं बसलीस?" मंजुळाबाईनं विचारलं.

"मी बसले होते थोडा वेळ. आता चक्कर मारून राहिले."

म्हणजे उठून आली होती. फुलं चांगलीच होती, कुणी नाही म्हणावं? पण एवढ्या माणसांत आपलं लेकरू एकटं हिंडतंय, हे मंजुळाबाईला त्या फुलांपेक्षा जास्त ठळक दिसत होतं. तिकडं कोमल फोन वर धरून फांद्या दाखवत होती, मधेच हात दुखला म्हणून तिनं तो खाली केला. आणि मंजुळाबाई ओरडली.

"थांब! ते वरचं राहू दे. खाली बघ, खाली! तुझ्या पायापाशी!"

"काय आहे? साप?"

"चाकवत हाय गं!"

कोमल खाली वाकली. ओढ्याच्या उतारावर गवतात खरंच चाकवताची कोवळी रोपं उगवली होती. तिनं एक खुडलं, उलटं केलं, पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पीठ लागलं. लहानपणी गव्हात निंदायला बसून हजारदा केलेली खूण. "आई, पीठ लागलं!" ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज कुरुंद्याच्या पोरीसारखा आला. "फक्त मधला गाभा लाल दिसतोय."

आणि इथं मंजुळाबाईला हट्टा आठवलं. तिचं माहेर हट्ट्याचं. लग्न होऊन कुरुंद्यात आली तेव्हा हट्टा तसं हाकेवर होतं, पण सासरच्या चुलीपुढं बसून ती रोज अशी रडायची, जशी काही ती सात समुद्र ओलांडून आली आहे. एक दिवस शेजारची एक आगाऊ बाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल वं, हरभऱ्याची भाजी खुडाया." दोघींनी ओटीभर भाजी खुडली आणि त्या दिवसापासून मंजुळाबाई कुरुंद्याची झाली. ती आगाऊ बाई आता तिच्याशेजारी हळदीत पाय रोवून उभी होती आणि फोनात डोकावत होती.

"अगं, गाभा लाल असला तरी चाकवतच की तो—" चंदाबाईनं तोंड उघडलं. मंजुळाबाईनं तिच्या दंडाला असा चिमटा घेतला, की ती 'आई गं' म्हणून खालीच बसली.

"कोमल," मंजुळाबाई अगदी साळसूदपणे म्हणाली, "मला काय ते नीट कळंना. लाल गाभ्याचा चाकवत आपल्याकडं नसतो. भलतंच काही असंल तर?"

"आत्ता तर तूच ओळखलास!"

"तवा नीट दिसलं न्हाई. फोनवर ऊन आलं होतं. रानातली भाजी इचारल्याबिगर तोंडात घालू न्हाई. तिथं कुणी म्हातारी असंल तिला इचार."

"आई, मी कुणाला काय विचारू?"

"पुण्याला क्लास लावून त्यांची भाषा शिकलीस ती कशासाठी? बॅटऱ्यासंग बोलायला?"

उतारावर थोडं खाली एक म्हातारी उकिडवी बसली होती. डोक्यावर कपाळापासून हातभर पुढं आलेली काळी टोपी, हातात लहान सुरी, बाजूला पिशवी. कोमल आणखी चार रोपं खुडून नाइलाजानं तिच्यापाशी गेली, चाकवताची जुडी पुढं केली आणि चाचरत काहीतरी विचारलं. टोपीवालीनं जुडी घेतली, नाकाशी नेली आणि सरळ ओढ्याकडं भिरकावून दिली. वर मोठ्यानं दोन शब्द सुनावले.

"फेकली!" मंजुळाबाई कुरुंद्यातून कडाडली. "काहून फेकली वं बाई? लेकरानं खुडून आणली, तुला काय तकलीफ झाली?"

टोपीवालीनं दचकून फोनकडं पाहिलं. मग फोन जवळ घेतला आणि तिनंही आपलं म्हणणं तेवढ्याच जोरात मांडलं. एकीचं दुसरीला अवाक्षर कळत नव्हतं, त्यामुळं दोघींनाही अडवायला कुणी नव्हतं. कोमल मधे उभी राहून लाजेनं अर्धी झाली होती.

"आई, थांब! ती म्हणती, इथं लोक कुत्री फिरवतात. इथली भाजी खायची नसते. डोंगरावरची आणावी."

मंजुळाबाई एकदम शांत झाली. हे तर तिनंही सांगितलं असतं, आणि याच आवाजात सांगितलं असतं. "बाई शहाणी दिसती," ती चंदाबाईला म्हणाली.

तिकडं टोपीवालीनं कोमलचा दंड दोन बोटांत धरून पाहिला, मान हलवली, आणि लेकराची नुसती हाडं राहिलीत अशा नजरेनं थेट फोनात, मंजुळाबाईकडं बघितलं. "बघितलंस? तिलाबी दिसलं!" मंजुळाबाई म्हणाली. म्हातारीनं पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढला आणि कोमलच्या हातात कोंबला. आत कसल्याशा रानपाल्यानं हिरव्या झालेल्या तांदळाच्या मऊ वड्या होत्या. मांस नाही, मासा नाही; कोमलनं 'मी ते खात नाही' म्हणत आधीच विचारून घेतलं. बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. ही म्हातारी कोमलच्याच गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना टाके घालून द्यायचं दुकान चालवत होती. अख्खा हिवाळा कोमल त्या दुकानावरून रोज दोनदा गेली होती.

पुढच्या रविवारी मंजुळाबाई फोनची वाट बघत बसली होती. फोन आला.

"आई, हळद वाळली का?"

मंजुळाबाईचा चेहरा पडला. "न्हाई. टोपीवाली काय म्हणती?"

"काही नाही. भेटले नाही. डबा धुवून ठेवलाय, उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी दाराला अडकवून येते."

"काय भरून?"

"काही नाही. रिकामाच."

मंजुळाबाईला वाटलं आपण चुकून ऐकलं. "रिकामा? रिकामा डबा वापस देतात का कुठं? तुला शिकवलं काय आमी?"

"आई, इथं चालतं असं."

"कुठंच चालत न्हाई! ज्या घरात चूल पेटती तिथं चालत न्हाई!"

ऐपतीचा यात प्रश्नच नव्हता. कुरुंद्यात शेजारून आलेली वाटी रिकामी परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, मूठभर हरभरे, पण काहीतरी जातंच. रिकामी वाटी परत दिली म्हणजे 'आता आपला संबंध संपला' म्हणून सांगितलं. कोमलनं बरीच हुज्जत घातली, शेवटी आईपुढं हात टेकले आणि आईच्या देखरेखीखाली बटाट्याची पिवळी भाजी केली. हळद अर्थात घरची. फोडणीचा आवाज ऐकून मंजुळाबाईनं तेल किती तापलंय ते सांगितलं. डबा भरून गेला.

मंगळवारी निरोप आला, 'आई, डबा परत आला. मुळ्याचं काहीतरी आहे, तिळाच्या तेलातलं. मी मासा खात नाही हे तिच्या लक्षात राहिलंय. आता काय करू?'

मंजुळाबाईनं चंदाबाईच्या पोरीकडून उत्तर लिहून घेतलं, 'भरून दे.'

गुरुवारी निरोप आला, 'आई, परत आला. ती पण रिकामा देत नाही. तिच्याकडं पण तसंच असतं म्हणे. हे संपणार कधी?'

'संपू देऊ न्हाई,' उत्तर गेलं.

बिचाऱ्या त्या डब्यानं गल्लीत किती खेपा घातल्या ते त्यालाच माहीत. उपमा गेला, भाताचे काहीतरी गुंडाळे आले. थालीपीठ गेलं, डोंगरातला पाला आला. एकदा तर आत सुई-दोरा आणि कोमलच्या कोटाचं तुटलेलं बटण आलं. कोट घेऊन ये म्हणून. पण कोमल फोनवर हे सगळं सांगून झालं की आवाज खाली घेऊन विचारायचीच, "हळद वाळली का?" आणि मंजुळाबाईचा जीव पुन्हा वरखाली व्हायचा. डबा आपल्या जागी होता, पण पोरीचं मन अजून विमानाकडंच होतं.

एप्रिल सरत आला. ओसरीवरच्या थप्पीमुळं घरात वावरायला जागा उरली नव्हती. संतरामनं मोंढ्याकडं जाणंच बंद केलं होतं. एका शनिवारी त्यानं जेवता जेवता ताट बाजूला सारलं.

"कोमलची माय, बस झालं. मला हळदीचं न्हाई. लेकरू इचारून राहिलं आन् तू खोटं सांगून राहिलीस. येते म्हणती तर येऊ दे. तिच्या मनावर काहून एवढा दगड ठेवतीस?"

मंजुळाबाईनं त्याचं ताट पुन्हा पुढं सरकवलं; तो खरं बोलत होता. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं ठरवून टाकलं. उद्या फोन आला की सांगायचं. हळद वाळली, ये. आणि हे ठरवल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं, तर तिला रडूच आलं.

सकाळी ती उठली, भाकरी थापल्या, पिठलं केलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, आज शेतात जेवू. बांधावरच्या पळसाखाली."

"काहून? काम काय हाय तिथं?"

"काम न्हाई. फुलं बघू."

संतरामनं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तरी तो निघाला. चंदाबाईही ताडपत्रीचा तुकडा काखेत मारून आली. फुलं बघायची असतात तेव्हा खाली काहीतरी अंथरायचं असतं, हे तिनं फोनात पाहिलं होतं. बांधावर पोचल्यावर तिघांनी वर पाहिलं. पळसाची फुलं केव्हाच गळून गेली होती. फांद्यांवर पोपटी पानं फुटत होती.

"घ्या. हे झाड फुललं तवा आमी त्याच्याखाली हळद वाहून राहिलो होतो," संतराम म्हणाला. "एक डाव वर बघितलं न्हाई."

तिघं बसली. फोन भाकरीच्या टोपल्याला टेकवून ठेवला. वेळ झाली. फोन वाजला नाही. भाकऱ्या खाऊन झाल्या, तरी वाजला नाही. संतराम उठून बांधाच्या टोकापर्यंत जाऊन आला. मंजुळाबाईनं शेवटी स्वतःच लावला. खूप वेळ घंटा गेली आणि मग एकदम पडद्यावर गलका उसळला.

डोंगराचा उतार, मोठी चटई आणि चटईवर चार-पाच म्हाताऱ्या. सगळ्यांच्या डोक्यावर त्याच हातभर टोप्या. मधे वाट्याच वाट्या आणि त्यांच्या गर्दीत एका पातेल्यात चाकवताची पातळ भाजी. वर लसणाची फोडणी. मंजुळाबाईनं ती एका नजरेत ओळखली, या वेळी तिला ऊन आडवं आलं नाही. कोमलचा गाल फुगला होता. तोंडात घास होता. केसात पाचोळा अडकला होता, नाक उन्हानं लाल झालं होतं आणि एक म्हातारी तिच्या वाडग्यात आणखी भात लोटत होती.

"आई! अगं, डोंगरावरचा चाकवत! मीच केली भाजी! या म्हणतात तिखट कमी आहे—"

टोपीवालीनं तिच्या हातातला फोन ओढून घेतला, मंजुळाबाईला काहीतरी ठणकावून सांगितलं आणि चमच्यानं भाजीचा घास उचलून सरळ फोनापुढं धरला. मंजुळाबाईनं इकडं, कुरुंद्याच्या बांधावर, तोंड उघडलं. मग दोघी हसल्या.

फोन कोमलकडं आला. "आई, भात निवतोय. मी करते नंतर, हं?"

"अगं, ऐक—"

पण फोन कापला गेला होता. कोमलनं कापला होता.

मंजुळाबाई काळ्या पडलेल्या पडद्याकडं बघत राहिली. त्यात तिचंच तोंड दिसत होतं आणि त्याच्यामागं पळसाची पानं. गेल्या दसऱ्यापासून हा फोन दर वेळी तिनं कापला होता. आज पहिल्यांदाच तो तिकडून कापला गेला, आणि ते इतकं झोंबलं, इतकं बरं वाटलं, की दोन्ही एकदम सोसायला तिला पदर तोंडाला लावावा लागला.

"काय झालं?" संतराम घाबरून म्हणाला. "सांगितलंस का? हळदीचं काय बोलली ती?"

"काय बी न्हाई," मंजुळाबाई म्हणाली. "इचारलंच न्हाई तिनं."

संतरामला कळायला थोडा वेळ लागला. चंदाबाईला लागला नाही. तिनं मंजुळाबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं ताडपत्री झटकायला घेतली. मंजुळाबाईनं नाक पुसलं, डोळे पुसले आणि टोपलं उचललं.

"चला. वसमतच्या गाडीला सांगून ठेवा उद्यासाठी," ती नवऱ्याला म्हणाली. "हळद वाळली आपली."